सातव्या होलचा झेंडा

गोल्फच्या मैदानावर होलची जागा रोज बदलते, हे न खेळणाऱ्याला सांगून पटत नाही. होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, म्हणजे ग्रीनवर, एकाच ठिकाणी सगळ्यांचे पाय पडले तर गवत मरतं. म्हणून हेडमाळी रोज सकाळी कटर दाबून नवं भोक पाडायचा, निघालेला मातीचा गोळा जुन्या भोकात बसवायचा, झेंडा रोवायचा आणि हात वर करायचा. हात वर म्हणजे ग्रीन तयार, या आता. शहराच्या या मैदानावर हा रिवाज त्याच्या आजोबांनी पाडलेला. तीन पिढ्या हेडमाळी याच घरातले.

आजोबांचा दुसरा रिवाज मात्र घरातल्या हेडमाळ्यांपलीकडे गेला नव्हता. सातव्या ग्रीनच्या मध्यावर भोक पाडायचं नाही.

तिथे विहीर होती. मैदानाच्या आधी या जागेवर चाळीस घरांची वस्ती होती आणि आजोबा त्याच वस्तीतले. घरं पाडली, माणसं हुसकावली, आणि विहीर बुजवायचं काम नेमकं आजोबांच्या गळ्यात पडलं. जिचं पाणी प्यायलो, तिच्यात माती लोटवेना. त्यांनी तोंडावर सागाचे वासे टाकले, माती पसरली, गवत लावलं आणि बुजवली म्हणून सांगून टाकलं. मैदान आधी बड्या लोकांचं होतं, पुढे नगरपालिकेकडे आलं आणि तिकीट काढून कोणालाही खुलं झालं. वासे मात्र तेच राहिले.

हेडमाळ्याची लेक नगरपालिकेत कारकून. मैदानाच्या शंभरीनिमित्त इतिहासाची पुस्तिका लिहायचं काम तिच्याकडे आलं, तेव्हा जेवता जेवता तिने विचारलं होतं, "बाबा, मैदानाआधी इथे काय होतं?"

त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण आजोबांचं नाव बद्दू होणार, लेकीच्या नोकरीवर बालंट येणार. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"काय असणार? पडीक माळ," तो म्हणाला.

तिने तसंच लिहून घेतलं. बापाच्या शब्दावर तिने कधी दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं, आणि त्याला याचीच लाज वाटली.

शंभरीच्या सकाळी नगरपालिकेचे नवे साहेब आले. उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस, गवताला कधी हात लावलेला नाही.

"फोटो सातव्यावर. झेंडा बरोब्बर मध्ये पाहिजे."

"मध्ये जमीन दोन बोटं खचलीय, साहेब. कडेला चांगला दिसेल."

"शंभर वर्षांत खचली नाही ती आजच खचली? मध्ये म्हणजे मध्ये."

खरं सांगायची ती शेवटची वेळ होती. त्याने मनाची समजूत घातली, की एकट्याने जाऊन झेंडा लावू आणि फोटोला सगळ्यांना कडेने उभं करू.

कटर नेहमीपेक्षा हलका गेला. गोळ्याच्या बुडाला काळं लाकूड आलं. बोटांत चुरडलं तर ते चहाच्या चोथ्यासारखं पसरलं. भोकातून गार वारा लागला. एक खडा आत घरंगळला आणि बऱ्याच वेळाने खाली पाणी वाजलं.

त्याची पाचावर धारण बसली. त्याच्या एकट्याचं वजन जमिनीने कसंबसं पेललं होतं. झेंडा तिथेच टाकून, पोटावर सरपटत तो कडेला आला, तेव्हा कळलं की आपण भलत्याच बाजूला निघालो. पाहुणे ग्रीनच्या पलीकडे उभे होते. साठेक माणसं, त्याच्याकडे नजर लावून. लाउडस्पीकरवर साहेब पुस्तिका वाचत होते.

"या जागी पूर्वी काहीही नव्हते. होता तो केवळ पडीक माळ."

"थांबा," तो ओरडला. लाउडस्पीकरपुढे त्याचा आवाज त्यालाही ऐकू आला नाही. मग त्यांना थांबवायला त्याने हात वर केला.

हात वर गेला आणि त्याला कळलं, आपण काय केलं ते. टाळ्यांचा कडकडाट झाला, माणसं ग्रीनकडे निघाली. सगळ्यांत पुढे लेक होती. बापाचा हात वर दिसल्यावर ती निर्धास्त धावत आली.