तुटक रेघ

"तुमची रेघ तेवढी तुटक ठेवावी लागली हं, मेव्हिसबाई. रागावू नका, रक्ताचं नातं नसलं की नियमच आहे तसा," पट्टी खाली ठेवत डेस्मंड म्हणाला.

चॅपलच्या हॉलमध्ये टेबलाला टेबल लावून, त्यांवर भिंतीला चिकटवायच्या कागदाची अख्खी गुंडाळी पालथी पसरली होती. कोऱ्या बाजूवर लिनथ्वेट घराण्याची वंशावळ होती. दुपारी ऑस्ट्रेलियातून, कॅनडातून, कुठून कुठून सगळे लिनथ्वेट आपलं मूळ गाव बघायला येणार होते. खोऱ्यात या नावाचं आता एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे मेव्हिस. आणि हॅरल्ड नि एडिथ या नावांखालून तिच्यापर्यंत आलेली रेघ अशी ठिपक्याठिपक्यांची होती.

"रागावते कशाला?" ती म्हणाली आणि चहाच्या कपांकडे वळली. पण मनाला लागायचं ते लागलंच.

तिची आई गिरणीत कामाला म्हणून आली, हॅरल्डच्या माडीवर भाड्याने राहिली आणि एका सकाळी निघून गेली. खाटेवर झोपलेली तीन वर्षांची पोर तेवढी मागे राहिली. हॅरल्ड-एडिथने तिला अनाथाश्रमात धाडलं असतं तरी कुणी नावं ठेवली नसती. एडिथने तिच्यासमोर लापशीची वाटी ठेवली आणि तो विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. मोठी झाल्यावर मेव्हिस गिरणीत रफूला बसली. मागावरून उतरलेल्या लोकरी कापडात सुटलेला धागा शोधायचा आणि सुईने असा भरायचा, की भरला कुठे ते मालकालाही कळू नये. जन्मभर तिने हेच केलं. म्हणून ती तुटक रेघ तिला सारखी दिसत होती. हात नुसता शिवशिवत होता.

"सगळं घराणं जगभर उंडारतंय, आणि गावात दिवा लावायला कोण? तर आमची मेव्हिस!" केक कापता कापता कॉनी म्हणाली. कॉनी शेजारीण, शाळेपासूनची मैत्रीण.

"चूप बस गं. केक काप नीट, पाव कापल्यासारखा कापतेयस."

दुपारी हॉल भरला. डेस्मंड मूळचा दक्षिणेकडचा, या खोऱ्यात नवखा, निवृत्त शिक्षक. त्याने खडूबिडू घेतल्यासारखं भाषण केलं. "लिन म्हणजे जवस. थ्वेट म्हणजे झाडी तोडून मोकळी केलेली जागा. जवसाच्या त्या तुकड्यावर जो राहिला, तो लिन-थ्वेट!" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

चहाच्या वेळी एक उंच म्हातारा वंशावळीवर वाकून कितीतरी वेळ काही शोधत होता. ऑर्व्हिल त्याचं नाव, कॅनडातला गहू पिकवणारा शेतकरी. "माझं नाव सापडत नाही हो."

"आडनाव?"

"लिन्फिट."

"हां, तुम्ही ते!" डेस्मंड हसला. "तुम्हाला खाली कोपऱ्यात घेतलंय. तुमचे पणजोबा अंगठेबहाद्दर. बंदरावरच्या कारकुनाने नाव चुकवलं, आणि तुम्ही ती चूक चार पिढ्या चालवलीत."

म्हाताऱ्याचे कान लाल झाले. "आमच्याकडेही तसंच म्हणतात," तो पुटपुटला आणि खालच्या कोपऱ्याकडे निघाला.

मेव्हिसने किटली खाडकन ठेवली.

"काय हो डेस्मंड, सकाळपासून लिन-थ्वेट, लिन-थ्वेट लावलंय! या खोऱ्यात असं म्हणतं कोण? लिहायचं ते लिहा, म्हणायचं लिन्फिट. लिहिल्यासारखं म्हणणारा दारात आला, तर बाबा म्हणायचे, कडी लावा, करवसुलीवाला दिसतोय."

कॉनी खो खो हसली. "खरंय! नुसतं लिन्फिट!"

ऑर्व्हिल वळला. "म्हणजे ती चूक नव्हती?"

"चूक कसली? तुमचे पणजोबा बरोबर बोलले. कारकुनाने ऐकलं ते लिहिलं. एवढा समुद्र ओलांडून त्यांनी नाव जसंच्या तसं नेलं की!"

म्हातारा खुर्चीत बसला. रुमाल काढून त्याने नाक शिंकरलं, मग डोळेही पुसले. "हे ऐकायला माझे वडील हवे होते," तो म्हणाला. "तुम्हाला कुणी शिकवलं असं म्हणायला?"

"बाबांनी," ती चटकन बोलून गेली. आणि तिची नजर कागदावर गेली.

ऑर्व्हिलची नजरही तिथे पोचली. हॅरल्ड, एडिथ, खाली ठिपके, मेव्हिस. तो डेस्मंडकडे वळला. "ही तुटक का? नाव यांनीच तर राखलंय. ते पेन द्या इकडे." डेस्मंडने पेन पुढे केलं.

सकाळपासून तिला हेच हवं होतं. पेनाचं टोक कागदाला टेकणार, एवढ्यात मेव्हिसने रेघेवर हात ठेवला. सुईने घट्टे पडलेली बोटं त्या ठिपक्यांवरून एकदा हळूच फिरली.

"नको," ती म्हणाली. "तुम्हा सगळ्यांना हे नाव जन्माने मिळालं. मला ते दिलं हो त्यांनी. द्यायलाच हवं होतं असं काही नव्हतं, तरी दिलं. जन्मभर मी जोड लपवत आले. ही दिसू दे."

मग तिने कागदावर सांडलेला केकचा चुरा तळहाताने गोळा केला आणि म्हाताऱ्याचा गार झालेला चहा बदलून दिला.