ठेवणीतली किल्ली

मी किल्ली बोलतेय. गाडीची आहे, पण गाडी कधी चालवलेली नाही. हसू नका. गाडीबरोबर दोन किल्ल्या मिळतात, त्यातली मी दुसरी. थोरली आणि मी एकाच यंत्रावर, एकीपाठोपाठ एक कापल्या गेलो. दात सारखे, खाचा सारख्या, नशीब तेवढं वेगळं.

आम्हाला घरी आणलं त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. सगळे त्यांना चष्मेवाले म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. गाडी दारात लागली तशी त्यांनी थोरलीला खिशात टाकलं आणि मला मऊ फडक्यात गुंडाळून चष्म्याच्या डबीत ठेवलं. "ही अडीअडचणीला असू दे," ते बायकोला म्हणाले. डबी कपाटाच्या खालच्या खणात, जुन्या स्वेटरांखाली गेली. झालं! कामाला लागायच्या आधीच मी निवृत्त.

त्या घरात चांगलं ते सगळं ठेवणीत जायचं. नवे टॉवेल ठेवणीत, पाहुण्यांचे कप ठेवणीत. बरं, पाहुणे आले तरी त्यांना रोजचेच कप, कारण चांगले फुटले तर! अशी सतरा वर्षं मी स्वेटरांखाली काढली. कपाटाला लागून खिडकी होती आणि खिडकीबाहेर गाडी उभी असायची. त्यामुळे दिसत काही नसलं तरी ऐकू सगळं यायचं.

थोरली झिजत गेली. दिवसातून दहादा फिरायची, त्यात चष्मेवाल्यांना तिनं खोकी फोडायची आणि डब्यांची झाकणं उचकटायची खोड. दात बोथट झाले आणि ती कुलपात अडायला लागली. दुसऱ्या कुणी दुरुस्ती करून घेतली असती. पण यांच्या हातांना बारीक बारीक स्क्रू बसवायची सवय. त्यांनी युक्ती काढली. किल्ली पूर्ण आत घालायची, केसभर मागे ओढायची आणि स्टिअरिंग डावीकडे हलवत अलगद फिरवायची. त्यांच्या हातून फिरायची. बायकोच्या हातून नाही.

"अगं, हात हलका ठेव. कपडे पिळत नाहीयेस तू."

"मग तुम्हीच फिरवा. माझा हात जडच आहे!"

हसण्यावारी जायचं सगळं. पण बाई गाडी छान चालवायच्या हो. त्या वळवताना चाकांचा आवाज यायचा नाही आणि हे वळवायचे तेव्हा कुंड्या वाजायच्या. तरी हळूहळू बाईंनी गाडीला हात लावणं सोडलं. आणि मी आतल्या आत ओरडत होते, अहो, मला काढा की! माझे दात शाबूत आहेत! पण किल्लीचं ऐकतंय कोण?

मग ती सकाळ आली. शर्टाची बटणं लावता लावता चष्मेवाले पलंगावर बसले. त्यांचा श्वास मला कपाटात ऐकू येत होता.

"छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतंय गं."

बाईंनी त्यांना कसंबसं बाहेर नेलं, गाडीत बसवलं. दार लागलं. मग खडखड सुरू झाली. थोरली फिरेना.

"जरा मागे ओढ," त्यांचा आवाज आला. "घाई करू नकोस."

"ओढतेय हो! फिरतच नाहीये!"

"स्टिअरिंग... डावीकडे..."

त्यापुढे त्यांचा आवाज मी कधी ऐकला नाही. मी बाईंपासून दहा पावलांवर होते. दहा पावलं फक्त! याच अडचणीसाठी मला जपलं होतं ना? पण माझी आठवण कुणालाच झाली नाही. रुग्णवाहिका यायला अर्धा तास लागला.

नंतर बाई मुलीला फोनवर सांगत होत्या, "डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. माझ्या हातून किल्ली फिरली नाही गं." हे वाक्य मी पुढे पाच महिने ऐकलं. मुलीला सांगताना, नणंदेला सांगताना, आणि घरात कुणी नसताना नुसतंच भिंतीला.

गाडी जागची हलली नव्हती. शेवटी मुलीनं धोशा लावला, तेव्हा बाईंनी किल्लीवाल्याला बोलावलं. म्हातारा बोलका होता, हात आणि तोंड एकदमच चालायचं. "आधी गिअर न्यूट्रलला आहे ना ते बघू. मग स्टिअरिंग. ते ताणात अडकलेलं असलं ना ताई, तर ब्रह्मदेव आला तरी किल्ली फिरत नाही." त्यानं स्टिअरिंग मोकळं केलं. कुलपात तेल घालू नये, धूळ चिकटते म्हणत पेन्सिलीच्या शिशाची पूड फुंकली. तरी थोरली अडलेलीच.

"ही झिजलीय, ताई. हिच्यावरून नवी कापली तर तिच्यातही हीच झीज उतरणार. गाडीबरोबर दुसरी मिळाली असेल की?"

बाईंची पावलं धावत आत आली. खण ओढल्याचा आवाज आला, स्वेटर बाजूला झाले, डबी उघडली. सतरा वर्षांनी उजेड बघितला मी, आणि पहिलं काय दिसलं तर बाईंचा चेहरा. त्या तिथेच फरशीवर बसल्या.

"तू इथं होतीस?" एवढंच म्हणाल्या.

बाहेर येऊन त्यांनी मला किल्लीवाल्याच्या हातात दिलं आणि त्या सकाळचं सगळं सांगून टाकलं. "दादा, मला एकच सांगा. ही त्या दिवशी हातात असती तर गाडी चालू झाली असती का?"

म्हाताऱ्यानं माझ्या दातांवरून अंगठा फिरवला. "बघतो. जरा पाणी आणता का?"

बाई आत गेल्या. त्यानं मला कुलपात घातलं आणि मी फिरले. अलगद, एका बोटानं! बॅटरी उतरलेली होती, त्यामुळे दिवा लागला नाही की आवाज झाला नाही. कळलं ते फक्त त्याला आणि मला. त्यानं डोळे मिटले. मग मला बाहेर काढलं आणि स्टिअरिंग जोर लावून एका बाजूला वळवलं. खट्‌कन ते अडकलं.

बाई पाणी घेऊन आल्या. "काय झालं?"

"नाही फिरत, ताई. कुलूपच आतून गेलंय. किल्लीचा दोष नव्हताच."

"खरं सांगताय?"

"तुम्हीच बघा ना फिरवून."

त्या बसल्या. तो उघड्या दाराशी वाकला आणि सहज ठेवावा तसा एक हात स्टिअरिंगवर ठेवला. सहज कसला! सगळी ताकद लावून त्यानं ते ताणून धरलं होतं. बाईंनी मला हळूच फिरवून पाहिलं, मग जोरानं, मग दोन्ही हातांनी. त्यांचा हात जड नव्हता हो! इतक्या हलक्या हातानं मला कुणी धरलं नव्हतं. आणि मी जागची हलले नाही.

"बघितलंत? त्या दिवशी साहेबांच्या हातूनही फिरली नसती," म्हातारा म्हणाला.

बाईंनी मला सोडलं आणि ओंजळीत तोंड लपवून त्या रडल्या. पाच महिने रडत होत्या, पण हे रडणं निराळं होतं. म्हातारा पाण्याचा पेला तसाच धरून उभा राहिला. त्यानंही डोळे पुसले.

चांगलं कुलूप त्यानं त्याच दिवशी काढून नवं बसवलं. आम्हा दोघी बहिणींना तो घेऊन गेला. थोरली भंगारात गेली, मी त्याच्या पेटीत आहे. मला टाकून द्यायला त्याचा हात होत नाही. आता मी कुठल्याच कुलपाची नाही. त्यानं केलं ते बरं की वाईट, मला ठरवता येत नाही. मला फिरायचं होतं, खूप फिरायचं होतं.

तुमच्या कपाटातही माझ्यासारखी कुणी पडलेली असेल. तिला आजच बाहेर काढा, झिजू द्या, आणि ती कुठं आहे ते घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या. आणि एवढं एक करा. बाई कधी तुम्हाला भेटल्या, तर मी फिरले होते हे त्यांना सांगू नका.