अल्बमचा मोबदला

वॉर्डातला म्हातारा रुग्ण भलत्याच इंजेक्शनने दगावला, तेव्हा ड्यूटीवर सिस्टर एकटीच होती. कोर्टाने तिला पुराव्याअभावी सोडलं. लोकांनी सोडलं नाही. आता तिच्यावर माहितीपट निघत होता. तिला शोधून काढलं ते युनिटमधल्या बाईने. कोण कुठे दडलंय ते बरोबर हेरते, म्हणून सगळे तिला घार म्हणत.

बोलणी मात्र सिस्टरच्या थोरल्या भावाने केली.

"मुलाखतीचे पैसे आम्ही देत नाही," दिग्दर्शक म्हणाला होता. "पण घरातले जुने फोटो वापरले, तर त्यांचा मोबदला देता येतो."

दादा काय ते समजला. करार अल्बमचा झाला.

शूटिंगच्या दिवशी आवाज नको म्हणून पंखा बंद होता, खिडक्यांवर काळं कापड. सिस्टरच्या ओढणीला माइक लावून झाला. कॅमेरा सुरू झाला, तोच दारात अल्बम बगलेत धरून उभा असलेला दादा म्हणाला, "इंजेक्शनचा विषय काढायचा नाही."

"असं काही ठरलं नव्हतं."

"मग अल्बम विसरा. मुलाखतही."

दिग्दर्शकाने कपाळावरचा घाम पुसला. "बरं. तो प्रश्न गाळू."

त्या म्हाताऱ्याच्या मुलीने एक पैसाही न घेता मुलाखत दिली होती, ती याच प्रश्नासाठी. आणि तो विचारला जाईल, असा शब्द घारीनेच दिला होता.

"अल्बमचं काय?" सिस्टरने विचारलं.

दादाने अल्बम पाठीमागे सरकवला.

"दादा, पैसे घेतलेस?"

"वकिलाची फी काय आभाळातून पडत होती?"

"मला न विचारता विकलंस मला?"

"तुला नाही गं. फोटो!"

सिस्टर दिग्दर्शकाकडे वळली. "विचारा तो प्रश्न."

दादा तरातरा लाइटच्या प्लगकडे निघाला. घार मध्ये उभी राहिली. त्याने तिचा दंड धरला, पण ती हलली नाही.

"दादा, हात काढ," सिस्टर म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, तरी त्याने हात काढला.

दिग्दर्शकाने प्रश्न विचारला.

"बाटलीवरचं लेबल वाचलं की नाही, मला आठवत नाही. कोर्टात मी 'वाचलं' म्हणाले. तसंच म्हण, असं दादाने मला बजावलं होतं."

दादा अल्बम तिथेच ठेवून बाहेर निघून गेला.

पुढच्या आठवड्यात घारीने म्हाताऱ्याच्या मुलीला ते चित्रण दाखवलं. तिने डोळे पुसले आणि विचारलं, "पैसे देऊन बोलवलंत हिला?"

"भावाला दिले. तिला ठाऊक नव्हतं."

"लोक म्हणतील, पैशासाठी बोलली. माझ्या बाबांचं खरं काय ते कळलं, आणि तेही डागाळलेलं."

"भावाशी झालेली वादावादीही कॅमेऱ्यात आहे. ती दाखवायला लावते."

घारीने हे सांगताच दिग्दर्शक उखडला. "आपल्याच हाताने आपलं नाक कापायचं?"

"ती वादावादी काढलीत, तर माझं नावही काढा. आणि का काढली ते मी बाहेर सांगेन."

वादावादी माहितीपटात राहिली. दिग्दर्शकाने घारीला पुन्हा काम दिलं नाही.

मुलीने सिस्टरचा पत्ता मागितला, तेव्हा घारीने आधी सिस्टरला फोन लावला.

"येऊ दे," सिस्टर म्हणाली. "पण एकटीला. कॅमेरा नको."