पाचवं इंजिन

रखमाजींना अर्धांगाचा झटका आला त्याला वर्ष होत आलं होतं. उजवी बाजू गेली, वाचा गेली, राहिला एकच शब्द: 'चहा'. भूक लागली तरी चहा, पाठ दुखली तरी चहा. डोक्यात सगळं लख्ख असायचं, तोंडातून मात्र तेवढंच निघायचं. कस्तुराबाई नवऱ्याच्या सुरावरून अंदाज बांधायच्या आणि बहुतेक वेळा चुकायच्या.

त्याआधीची कित्येक वर्षं रखमाजींनी एकाच यंत्रावर घातली होती. भुशी धरणाच्या वाटेवर राजेश्वरीबाईंचं रिसॉर्ट आहे. त्यांच्या वडिलांनी हौसेनं दुसऱ्या महायुद्धातला एक रणगाडा भंगारातून आणून ठेवला होता. युद्धाच्या घाईत रणगाड्याजोगं मोठं इंजिन मिळेना, म्हणून अमेरिकेतल्या कारखान्यानं मोटारगाडीची पाच इंजिनं गोलात मांडून दातेरी चाकांनी एकत्र जोडली होती. लष्कराच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले रखमाजी तिकोणा पेठेहून यायचे. सुदुंबऱ्याच्या कारखान्यात फिटर असलेला प्रज्ञेश सुट्टीच्या दिवशी मदतीला यायचा.

"पाच जावा एका चुलीवर नांदवायच्या हायेत," रखमाजी त्याला हसून म्हणायचे. मग गंभीर होत. "यातलं एक जाम झालं तरी बाकीची चार थांबत न्हाईत. त्याला फरफटत नेत्यात. तवा कान उघडा ठिव."

झटक्यानंतर उरलेलं काम प्रज्ञेशनं एकट्यानं पुरं केलं. माघातल्या एका सकाळी राजेश्वरीबाईंनी पाहुणे बोलावले, मांडव घातला आणि रखमाजींची खुर्ची सगळ्यांच्या पुढे ठेवली. प्रज्ञेश रणगाड्यात उतरला, कानांवर जाड हेडफोन चढवले आणि स्टार्टर दाबला.

धूर आला, खोकला आला आणि पाचही इंजिनं एका आवाजात बोलू लागली. रखमाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. कस्तुराबाईंनी ते पदरानं टिपलं.

तेवढ्यात त्या आवाजाखाली रखमाजींना दुसरा एक आवाज ऐकू आला. टक्. टक्. खालच्या डाव्या इंजिनाला तेल पोचत नव्हतं.

"चहा!" रखमाजी ओरडले.

"देते, देते. जरा दम धरा," कस्तुराबाई म्हणाल्या.

"चहा! चहा!" त्यांनी मान हलवली, धड असलेला डावा हात उंचावला, पाच बोटं दाखवली आणि अंगठा मिटला. पुन्हा पाच, पुन्हा अंगठा.

राजेश्वरीबाईंनी माइक घेतला. "बघा, आबा आपल्याला सांगतायत, पाच इंजिनं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. ठोका वाढत चालला. रखमाजींनी खुर्चीच्या दांडीवर जोर देऊन उठायचा प्रयत्न केला आणि ते कुशीवर कोसळले. दोघातिघांनी धावत येऊन उचललं, कुणी वारा घातला. कस्तुराबाईंनी कपबशी ओठांना लावली. "घ्या, हितंच हाय तुमचा चहा."

त्यांनी कप उडवून दिला. त्याच क्षणी लोखंड फुटल्यासारखा आवाज झाला. चार इंजिनांनी जाम झालेल्या पाचव्याला फिरवायचं सोडलं नव्हतं. त्याच्या आतला दांडा मोडून इंजिनाचं कवच फोडत बाहेर आला. तेलाचा काळा लोट गवतावर पसरला आणि सगळंच बंद पडलं.

प्रज्ञेश धडधाकट बाहेर आला, पण त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यानं मागचं झाकण उघडलं, आत बॅटरी मारली आणि बराच वेळ वाकून राहिला. तसा भाग आता कुठे मिळणार नव्हता आणि आतलं दातेरी चाकही तडकलं होतं.

"राहू दे रे," राजेश्वरीबाई हळू आवाजात म्हणाल्या. "उभा आहे तेवढा पुरे. लोक फोटो काढतात."

पाहुणे जेवायला गेले. प्रज्ञेश तेलकट हातांनी रखमाजींच्या पायाशी येऊन बसला.

"आबा, तुम्ही हात करत होतात म्हणे. तुम्हाला आधीच कळलं होतं?"

रखमाजींनी त्याच्याकडे पाहिलं. होकार दिला असता, तर त्या पोरानं आयुष्यभर ते मनाला लावून घेतलं असतं. त्यांनी सावकाश नकारार्थी मान हलवली.

"खरंच?"

पुन्हा तीच मान. प्रज्ञेश उठला, चिंधीला हात पुसत रणगाड्याकडे गेला. त्याला ते पटलं की नाही, हे विचारायची सोय रखमाजींकडे नव्हती.