बिघडलेला ताईत

"आजाऱ्याचं नाव सांगा. आणि आईचं," बोरू शाईत बुडवत मी म्हणालो.

शिवणकाम करणाऱ्या ताईंनी मुलाचं नाव तेवढं सांगितलं. मुलगा तीन दिवस इस्पितळात बेशुद्ध होता. त्यांचं नाव मला ठाऊकच होतं. एकाच गल्लीत आमचे केस पिकले. पेशाने मी पाट्या रंगवणारा, हात थांबत नाही. हिब्रूत लिहून टाकलं: अमका, अमकीचा मुलगा. आम्हा ज्यूंच्या ताइतात बापाला कोणी विचारत नाही. आजाऱ्यासाठीची प्रार्थना आईच्या नावानेच जाते.

"माझं नाव नका लिहू, भाऊ."

"आता दुसरी आई कुठून आणू त्याला?"

थट्टा माझ्याच अंगाशी आली.

"माझ्या थोरल्या बहिणीचा तो. बाळंतपणात गेली ती. नऊ दिवसांचा होता, मी उचलला आणि इकडे राहायला आले. इथे कुणाला ठाऊक नाही. त्यालाही नाही."

मला राग आला. कुणाचा, ते आजही सांगता येणार नाही. "त्याच्या उशाशी तुम्ही जागलात. सदऱ्याची बटणं तुम्ही लावलीत. राहू द्या हेच. वरच्याला सगळं कळतं."

"कळत असेल. पण प्रार्थना चुकीच्या पत्त्यावर गेली तर? मला नाव नको, भाऊ. मला तो हवाय."

मी नवा कागद घेतला. बहिणीचं नाव त्यांनी इतक्या हळू सांगितलं की दोनदा विचारावं लागलं. शाई वाळल्यावर त्यांनी तिथेच घडी कापडात शिवली, कुणाला उसवता येऊ नये अशा बारीक टाक्यांनी.

"त्या पहिल्याचं काय करता?"

"देवाचं नाव असलेला कागद फेकत नाहीत. पेटीत ठेवायचा, पुढे दफनभूमीत पुरायचा."

"मग माझ्याकडेच द्या. माझ्यासोबत जाईल."

मुलगा बरा झाला. ताइताने की औषधाने, या वादात मी पडलो नाही.

चार वर्षांनी ताई गेल्या. त्याच सकाळी मुलगा माझ्या दारात आला. गळ्यात मळलेला ताईत, हातात उलगडलेला कागद.

"काका, आईच्या सुयांच्या डब्यात सापडला. अक्षर तुमचं आहे. माझ्यासाठी दोन लिहिले होते?"

"हा आधीचा. बिघडला होता. चूक झाली माझी."

त्याने एकेक अक्षर लावत कागद पुन्हा वाचला. स्वतःचं नाव, मग तिचं.

"यात चूक कुठे आहे, काका?"

चष्मा पुसायला मी बराच वेळ घेतला.

"नाही रे," मी म्हणालो. "चूक नाहीच. नीट घडी घाल. तिच्या हाताशी ठेवू."