रविवारच्या पांढऱ्या पेशी

डॉक्टर बेर्गारा बाईंनी रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि कपाळाला आठी घातली.

"कोलेस्टेरॉल झकास. स्टॅटिनची गोळी तुम्हाला चांगलीच लागू पडली आहे. पण पांढऱ्या पेशी पुन्हा वाढलेल्याच."

"असू देत की," वाल्देमार म्हणाला. "त्या आपल्याच बाजूच्या ना?"

"आपल्याच. पण ताप नाही, खोकला नाही, मग त्या जमल्यात कशासाठी? गोळीने रक्तातली चरबी उतरते. तरी हृदयाच्या रक्तवाहिनीची आतली बाजू धुमसत राहिली, तर या पेशी चढ्याच राहतात. अशा माणसांना गोळी चालू असतानाही त्रास होताना दिसतो. त्यात तुमची फिरत्या पट्ट्यावर चालवून केलेली तपासणी धड चांगली नाही, धड वाईट नाही. सिगारेट?"

"बायकोने, झुल्माने सोडवली होती. ती गेल्यावरही पुन्हा धरली नाही."

"व्यायाम?"

"मी आणि व्यायाम! छे."

"पेशी अशाच राहिल्या तर अँजिओग्राफी करू. फेब्रुवारीच्या आत."

नेमका फेब्रुवारी! फेब्रुवारीत मोन्तेविदेओ शहरातल्या वाल्देमारच्या मोहल्ल्यातून ढोलपथकांची मिरवणूक निघते. तो त्यात पियानो वाजवायचा. पियानो म्हणजे तिथला सगळ्यात मोठा, खर्जाचा ढोल. झुल्मा जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि या दोन वर्षांत घराबाहेर काढणारी ती एकच गोष्ट उरली होती.

पण भीती वाटली की तो प्रश्न विचारायचा. तसाच त्याने विचारला, "पोरी, या पेशी वाढतात तरी कशाकशाने?"

"जंतूंनी. जखमांनी. सिगारेटने. भरपूर अंगमेहनत केली तर काही तास त्यानेही." बोलता बोलता बाईंनी नाडी बघायला त्याचा हात उलटा केला आणि थांबल्या. तळवा भेगाळलेला होता. दोन बोटांना चिकटपट्टी होती आणि तिच्या कडेची कातडी लाल होऊन सुजली होती. "हे काय?"

"रविवारचं."

"रविवारी काय करता?"

"काही नाही. ढोल वाजवतो."

"बसून?"

"बसून कोण वाजवतं? खांद्याला लावून, चालत. अंधार पडेपर्यंत."

"आणि रक्त कधी देता?"

"सोमवारी सकाळी. आदल्या दिवशीचा दमलेला असतो, घरी करायला काही नसतं. म्हटलं, तेवढं उरकून टाकावं."

बाई खुर्चीत मागे रेलून हसू लागल्या. त्या उत्तरेकडच्या साल्तो गावच्या, या शहरात नव्या. "अहो, व्यायाम करता का म्हणून दर वेळी विचारते मी!"

"ढोल म्हणजे व्यायाम कुठे?" वाल्देमारला खरंच कळेना. मोहल्ल्यात कुणालाही विचारलं असतं तरी हेच उत्तर आलं असतं. ढोल काम संपल्यावर वाजवतात. त्याला मेहनत कोण म्हणतं?

बाईंनी सांगितलं, "दोन रविवार ढोल बंद. हात बरे होऊ देत. मग शुक्रवारी रक्त द्या."

त्या रविवारी पथकातली मंडळी फुटपाथच्या कडेला कागद आणि फळ्या पेटवून ढोलांची कातडी तापवत होती. पथकाचा म्होरक्या तेओ गुडघ्यावर बसून आपल्या ढोलावर टिचक्या मारत होता. वाल्देमार रिकाम्या हाताने आलेला बघून तो म्हणाला, "म्हाताऱ्या, ढोल बायकोसारखा घरी झोपवून आलास?"

बोलून झाल्यावर त्याने जीभ चावली. वाल्देमारने ऐकलं नसल्यासारखं केलं आणि सगळं सांगितलं.

"जानेवारीत दोन तालमी चुकवणार?" तेओ म्हणाला. "रांगेतली जागा जाईल. नियम तूच केलास, लेका. माझ्या तालमी चुकल्या तेव्हा मी पाया पडत होतो तुझ्या."

"माहीत आहे."

"मग ती तपासणी सोडून दे ना! कारण सापडलं. ढोलामुळे वाढतात. डॉक्टरणीला सांग, आणि ये रांगेत."

हे वाल्देमारच्याही मनात येऊन गेलं होतं. नुसतं तेवढं धरून चालायचं, की विषय संपला. पण ढोलामुळे किती वाढतात, आणि ढोल काढून टाकला तर खाली काय उरतं, हे त्याला आता बघायचंच होतं.

"सगळ्या ढोलाच्याच असतील तर पुढच्या वर्षी रांगेत येऊन तुला सांगेन," तो म्हणाला.

"आणि नसतील तर?"

"तर मिरवणूक बघत बसायला तू माझी खुर्ची उचलून आण."

तो घरी आला. एकट्यापुरता माते, म्हणजे तिथला कडवट चहा, बनवून खिडकीशी बसला. ढोल कोपऱ्यावरून वळले तशी त्याची बोटं टेबलावर चालू लागली. त्याने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

शुक्रवारच्या रक्ताचा रिपोर्ट आला. बाईंनी या वेळी कागद त्याच्याकडे फिरवला. "बऱ्याच उतरल्या. पण पुरत्या नाहीत. उतरल्या त्या तुमच्या ढोलाच्या आणि हातांच्या. या उरलेल्या कशाच्या, ते हा आकडा सांगत नाही. आत बघावं लागेल."

"मला दिसेल?"

"काय?"

"आतलं. मी जागा असेन ना?"

"असाल. पडदा तुमच्याकडे वळवायला सांगते."

अँजिओग्राफीच्या दिवशी मनगटातून नळी गेली. पडद्यावर आपल्याच हृदयाच्या रक्तवाहिन्या पानं झडलेल्या फांदीसारख्या हलताना त्याने पाहिल्या. एका जागी ती फांदी कुणीतरी चिमटीत धरावी तशी बारीक झाली होती. गोळी चालू असताना, कोलेस्टेरॉल झकास असताना. "हीच का ती?" त्याने विचारलं. नळी घालणाऱ्या डॉक्टरांनी होकारार्थी मान हलवली आणि तिथे स्टेंट बसवला. घाबरायचं राहूनच गेलं.

मिरवणुकीच्या संध्याकाळी तेओने खरोखरच खुर्ची आणून फुटपाथवर ठेवली. शेजारी मोहल्ल्यातली म्हातारी डोन्या एर्मिंदा बसली होती. ती दर वर्षी त्याच जागी बसायची. ढोलांच्या पुढे, पंखे हलवत, घेरदार परकरातल्या बायका नाचत आल्या. वाल्देमार बघतच राहिला. ढोलवाले मागे असतात, त्यांना नाचणाऱ्यांची पाठच दिसते. झुल्मा यांच्यातच नाचायची, आणि आयुष्यभर त्याने तिची पाठच पाहिली होती.

"या नेहमी अशा हसतात?" त्याने विचारलं.

"तर काय! तुझी झुल्मा तर इथे आली की मला जीभ काढून दाखवायची. दर वर्षी, न चुकता."

ढोल अगदी समोर आले. वाल्देमारने खुर्ची एर्मिंदाच्या खुर्चीला टेकवली आणि तिच्या कानाशी वाकला.

"अजून काय करायची?"