दारामागची एकनळी

ऑर्फा स्टिडमननं घेवड्याच्या शेंगांची पाटी ओसरीवर आदळली, तेव्हा नवरा डेल्बर्ट एकनळी बंदुकीच्या दस्त्याला तेल चोळत बसला होता.

“चोळ, चोळ! आज लेक येतीय. आन पुन्यांदा अंगनातच बसंल, ह्या माझ्या सवतीपायी!”

भांडण तीन महिन्यांचं होतं. त्यांची नात जोसी अडीच वर्षांची झाली, घरभर पळायला लागली, तसं तिच्या आईनं, ट्वायलानं, बापाला बजावलं : भरलेली बंदूक दारामागं उभी असेल तोवर मी पोरीला घेऊन उंबरा ओलांडणार नाही. बापही हट्टी, लेकही हट्टी. ट्वायला यायची आणि मेपलच्या झाडाखाली गोधडी टाकून बसायची. ऑर्फा मक्याची भाकर आणि घेवडा तिथं नेऊन वाढायची. डेल्बर्ट आतल्या खिडकीतून नात बघायचा.

केंटकीच्या त्या डोंगरकपारीत पोलिसांचा शेरीफ यायला पाऊण तास लागतो. घर ज्याचं त्यानंच राखायचं, हे ऑर्फालाही कबूल होतं. पण नातीला कुशीत घेऊन निजवायला तिचा जीव तुटत होता.

दुपारी ट्वायला जोसीला घेऊन आली. गाडीच्या मागं लोखंडी कपाट बांधलेलं.

“डॅडी, कुलूप तुझं, किल्ली तुझी. काडतुसं तेवढी निराळ्या डब्यात ठेव. मग मी आत येते.”

“आन चोर आला म्हंजी? जरा टेक बाबा, किल्ली हुडकतो, आसं सांगू त्याला?”

“चोर शेवटचा कधी आलेला?”

“बंदूक हाय म्हनून येत न्हाई! दर रविवारी चर्चवरनं आलो की पुसतो. कवाबी उचल, तय्यार!”

“वरनं पुसतोस,” ऑर्फा म्हणाली. “संधिवातानं बोटं आखडल्यापास्नं ती उघडताना म्या तरी तुला बघितलं न्हाई. दाव की लेकीला आतून.”

डेल्बर्टला ते झोंबलं. त्यानं नळी डोंगराकडं केली, ठणकत्या अंगठ्यानं कळ दाबून बंदूक मधोमध दुमडून उघडली, काडतूस काढून ऑर्फाच्या हातावर ठेवलं आणि उघड्या नळीला डोळा लावला. पलीकडं आभाळ दिसायला हवं होतं. नुसता काळोख दिसला.

“डोळं गेलं का काय माझं?”

ट्वायलानं बघितलं. तिनं साफ करायचा गज आणून नळीत रेटला. वाळल्या चिखलाच्या कांड्या पायरीवर पडल्या, फुटल्या, आणि त्यांतून मेलेले कोळी सांडले. चिखलाची घरं बांधून पिलांसाठी कोळी साठवणाऱ्या कुंभारीण माशीनं नळीत बिऱ्हाड थाटलं होतं.

“डॅडी, हे आत असताना बार काढला असतास तर नळी तुझ्याच तोंडावर फुटली असती.”

ऑर्फाला हसू आवरेना. “म्हंजी सबंध उन्हाळा घर माशीनं राखलं म्हना की!”

म्हातारा आधी फुगला, मग खांदे हलवत हसायला लागला. हसता हसता त्याचे डोळे मेपलखाली खेळणाऱ्या जोसीकडं गेले. “कपाट कुठं लावायचं, बोल,” तो म्हणाला.

निजायच्या खोलीत कपाट भिंतीला आवळलं. नळी आतून लख्ख केली, तेलाचं बोट दिलं, रिकामी बंदूक आत ठेवली. काडतुसांच्या डब्याला वेगळं कुलूप लागलं. दोन्ही किल्ल्या म्हाताऱ्यानं गळ्यात अडकवल्या. मग ऑर्फानं जाळीचं दार उघडून धरलं.

जोसी धावत आत आली. लपाछपीचं वेड होतं तिला. भाकरीकडं बघितलं नाही, आजीकडं बघितलं नाही, सरळ दारामागच्या रिकाम्या कोपऱ्यात घुसली, भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि आजोबाला हाक मारून ओरडली, “पापॉ, मला शोध!”

ट्वायलानं आईचा हात घट्ट धरला. डेल्बर्ट दारापुढं हळूहळू खाली बसला. त्यानं आवाज चढवला.

“जोसी? आगं कुठं गेलीस बाय माझी? मला तर कुठंच दिसंना!”